रिंगणातला गवई

नागपुरात आमचे बिऱ्हाड इतवारीत. सराफ्याचा गजबजाट ओलांडून एखाद्या दंगलीस आम्ही गेलो की एक गोष्ट नेहमी मनात येते. जिंकणाऱ्या पहिलवानाचे नाव गावभर होते. परंतु त्याची जोड ठरविणारा, त्याच्या खुराकाची आणि मुक्कामाची काळजी वाहणारा मनुष्य कोण, हे कोणीच विचारीत नाही. दुसऱ्याचे अंगबळ लोकांपुढे मांडणे ही देखील एक विद्याच आहे. ती ज्यांस साधली अशा विष्णुपंत छत्रे यांचे आज स्मरण करावयाचे आहे. त्यांचे क्षेत्र आखाडा नव्हे, सर्कस. आणि ते होते गायनाचे शागीर्द.

विष्णुपंत मूळचे सांगलीकडील अंकलखोपचे. ग्वाल्हेरीस बाबासाहेब आपटे यांजकडे अश्वविद्या आणि हद्दूखांसाहेबांकडे ख्याल, अशा दोन विद्या त्यांनी संपादन केल्या. पुढे ते कुरुंदवाड संस्थानच्या पागेवर होते. १८७९ साली चिआरिनी नामक इटालियनाची सर्कस मुंबईस आली. हिंदी लोकांच्या हातून असा खेळ व्हावयाचा नाही, असे उद्गार त्याने काढल्याची आख्यायिका आहे. उद्गार कसेही असोत, १८८० साली विष्णुपंतांची 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी राहिली. पुढे हा तंबू सिंहलद्वीपासही गेला. तलचेरीचे कसरतशिक्षक कीलेरी कुञ्ञिकण्णन यांस सर्कशीची वाट विष्णुपंतांमुळेच दिसली, आणि तेथूनच केरळच्या सर्कशीची परंपरा निघाली.

परंतु आम्हांस याहून मोठे वाटते ते निराळेच. गुरुपुत्र रहिमतखां अफूच्या नादाने काशीत विपन्नावस्थेत फिरत होते. विष्णुपंतांनी त्यांस आपल्याजवळ आणले. सर्कशीच्या मुक्कामी त्यांच्या बैठकी होऊ लागल्या, आणि लोक त्यांस 'भूगंधर्व' म्हणू लागले. विष्णुपंतांच्या पश्चात त्यांचे बंधू काशीनाथपंत यांनी तो सांभाळ पुढे चालविला. अब्दुल करीमखांसाहेबांच्या गायकीवर रहिमतखांची छाया पडली ती याच मार्गाने. १९२२ साली कुरुंदवाडास त्यांचे देहावसान झाले. तत्पूर्वी त्यांच्या काही ध्वनिमुद्रिका निघाल्या, म्हणून तो आवाज आजही ऐकता येतो.

कोणी म्हणेल, यात धंदाही होताच. होता. अशा बैठकींनी सर्कशीचाही लौकिक वाढला असेल, आणि आश्रय देणे व बांधून ठेवणे यांतील अंतर फार सूक्ष्म असते. तथापि ज्या कलावंताचा सांभाळ त्याच्या स्वतःच्याही हातून होत नव्हता, त्यास सांभाळणारा नुसता हिशेबी असेल, असे आम्हांस वाटत नाही. गुरूचे ऋण फेडण्यास स्वतःचा कंठ अपुरा पडला, तेव्हा विष्णुपंतांनी घोड्यांच्या टापांवर मिळविलेला पैसा त्या कामी लावला.

आपल्या सुशिक्षित घरांतून ख्यालगायनास मान आहे. 'सर्कसवाला' हा शब्द मात्र आपण किंचित नाक मुरडूनच उच्चारतो. यापुढे रहिमतखांची ध्वनिमुद्रिका लावताना वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे की, ते स्वर आपल्या दिवाणखान्यात पोहोचले ते सर्कशीच्या तंबूतून.