दोन पानांमधील अंतर

मनुष्य काय खातो याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे; तो कोणाच्या किती जवळ बसून खातो याविषयी मात्र फारच थोडे. वस्तुतः एखाद्या समाजाची घडण ओळखावयाची झाल्यास ताटातील पदार्थांपेक्षा दोन ताटांमधील जागाच अधिक बोलकी असते. आपल्या भाषेने याची साक्ष जपून ठेविली आहे. पंक्तिपावन, पंक्तिबाह्य, पंक्तिभेद, पंक्तिप्रपंच हे सारे शब्द जेवणाच्या रांगेतून निघाले. परंतु भूक भागण्याशी त्यांपैकी एकाचाही संबंध नाही. रांगेत कोणी बसावे, कोणी बसू नये, आणि एकाच रांगेत कोणाच्या पानावर तुपाची धार अधिक पडावी, एवढेच ते सांगतात.

हा विषय सुचण्याचे कारण अगदी आजचे आहे. मोठमोठ्या आगबोटींतून सहलीस जाणारी कुटुंबे आता वऱ्हाडातही विरळ राहिलेली नाहीत. परत आलेली मंडळी समुद्राचे वर्णन करतात आणि लगेच जेवणघरावर येतात. दोघांसाठी म्हणून दिलेले मेज शेजारच्या मेजापासून चार बोटांवर असते. शेजाऱ्याचे संभाषण आपल्या वाटीत सांडते. खुर्ची मागे सारावी तर ती पाठीमागच्या गृहस्थास लागते. नांदगाव पेठेसारख्या, समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या गावी बसून ही तक्रार ऐकताना आमच्या मनात येते की, जेवणातील अंतराचा प्रश्न आपल्या समाजास नवा नाही. नवे आहे ते एवढेच, की आज आपण ते अंतर सुखासाठी मागत आहो.

जुन्या पंगतीचीच रचना पाहू. समोरासमोर दोन ओळी, मध्ये वाढप्याची वाट, प्रत्येकास पाट, पानाभोवती रांगोळी. मांडी घालून बसलेल्या मनुष्याचे गुडघे सुमारे दीड हात जागा व्यापतात, हे कोणासही घरी मोजून पाहता येईल. तेवढी जागा दिली म्हणजे कोपर कोपरास लागत नाही, वाढप्यास पाऊल जपून टाकता येते, आणि ‘सावकाश होऊ द्या’ या यजमानाच्या आग्रहास काही अर्थ उरतो. सुखासनाच्या दृष्टीने ही व्यवस्था उत्तमच म्हटली पाहिजे. पण त्याच जागेचे दुसरे एक कार्य होते. सोवळ्यातल्या मनुष्यास ओवळ्याचा स्पर्श होऊ नये, एका जातीची ओळ दुसरीपासून निराळी पडावी, आणि काहींची पाने तर मांडवाबाहेरच पडावीत, हेही त्या अंतरानेच साधले जाई. ज्यांनी रांधले त्या स्त्रियांची पंगत सर्वांच्या शेवटी, उरल्यासुरल्यावर बसे. एकाच अंतराचे हे दोन हेतू, सुखाचा आणि भेदाचा, इतके एकजीव झाले होते की त्यांना वेगळे करणे शक्य आहे असे फारसे कोणास वाटलेच नाही.

फारसे कोणास, असे म्हणण्याचे कारण आमच्याच जिल्ह्यात आहे. तेराव्या शतकात रिद्धपूर येथे गोविंदप्रभू होऊन गेले. ज्यांच्या घरचे पाणीही वर्ज्य मानले जाई, त्यांच्या घरी ते निःशंकपणे अन्न घेत, अशा लीळा महानुभावांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात आढळतात. पुढे विसाव्या शतकात गाडगेबाबांनी पूर्णाकाठच्या ऋणमोचनाच्या यात्रेत अन्नदान चालविले. दोघांच्या मध्ये सुमारे सहाशे वर्षे गेली आणि प्रश्न तोच राहिला. संतांनी भेद मोडून दाखविला खरा. पण घरोघरच्या पंगतीने तो संतांचा अधिकार म्हणून वंदन करून बाजूस ठेविला.

घरातील पंगतीला खरा धक्का बसला तो आगबोटीवर. एकोणिसाव्या शतकातील आगबोटीचे जेवणघर म्हणजे एक लांबलचक दालन असे. त्यात लांब सामायिक मेजे, त्यांच्या दोहो बाजूंस बाके किंवा जमिनीस खिळवून टाकलेल्या फिरत्या खुर्च्या. समुद्र खवळला की बशा घसरू नयेत म्हणून मेजावर लाकडी कठडे बसवीत. जागा नेमून दिलेली असे. शेजारी कोण यावा हे प्रवाशाच्या हाती नसे. समुद्र ओलांडणे हेच जेथे धर्मशास्त्राने कलीत वर्ज्य ठरविलेले, तेथे अशा मेजावर बसणे म्हणजे दुहेरी पातक.

1883 च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई जोशी मिशनरी स्त्रियांच्या सोबतीने कलकत्त्याहून ‘सिटी ऑफ कलकत्ता’ या आगबोटीने निघाल्या. त्या वेळी त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. आपला शाकाहार त्यांनी सोडला नाही. 1888 साली मोहनदास गांधी ‘क्लाइड’ बोटीने विलायतेस गेले. काटे-चमचे धरता येत नाहीत आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारण्याचा धीर होत नाही, म्हणून ते मेजावर कधी गेलेच नाहीत. बरोबर नेलेली मिठाई व फळे आपल्या खोलीत बसून खात राहिले, असे त्यांनीच आत्मकथेत लिहून ठेविले आहे. म्हणजे जे अंतर मेजाने नाकारले, ते या तरुणाने खोलीचे दार लावून मिळविले.

इकडे जमिनीवर काय चालले होते? 14 ऑक्टोबर 1890 रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानास जमली असता त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेल्यास नुसता हात लाविला. ती नावे वृत्तपत्रात प्रसिद्ध झाली, ग्रामण्य माजले, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले, आणि टिळक व रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नास तोंड द्यावे लागले. नावे फोडणारे गृहस्थ गोपाळराव जोशी, म्हणजे आनंदीबाईंचेच यजमान! पत्नीस समुद्रापार धाडणाऱ्या पुरुषाने एका पेल्यावरून पुणे हलवून सोडावे, यात त्या पिढीची सारी ओढाताण दिसून येते.

पुढील पिढीत ही गाठ सैल झाली. 1919 साली अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होमरूलच्या शिष्टमंडळाबरोबर विलायतेस गेले. 1920 साली पापळ गावचे एक शेतकऱ्याचे पुत्र, पंजाबराव देशमुख, शिक्षणासाठी तिकडे गेले आणि 1926 साली ऑक्सफर्डची पदवी घेऊन परतले. परतल्यावर त्यांनी काय केले हे आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. त्यांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढले; तेथे नाना जातींचे विद्यार्थी एकत्र राहत आणि एका पंगतीस जेवत. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहात ते पुढे झाले, आणि जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांस खुल्या करविल्या. साहेबी मेज त्यांनी वऱ्हाडात आणले नाही. पंगत आपलीच ठेविली. तिच्यातील भेद तेवढा काढून टाकला. संतांनी जे एकेका प्रसंगी केले, ते येथे मुलांच्या रोजच्या जेवणात आले.

तथापि आगबोटीस समतेची शाळा समजणे भाबडेपणाचे होईल. तिच्यावर जात नव्हती, पण वर्ग होता. वरच्या वर्गाचे जेवणघर निराळे, खालच्याचे निराळे. आमच्या कोकणकिनाऱ्याच्या बोटींवर डेकचा उतारू आपली शिदोरी सोडून गर्दीतच दोन घास खाई. श्रीमंतांना पुढे लांब सामायिक मेजेही नकोशी झाली. 1905 साली ‘आमेरिका’ या जर्मन बोटीवर रिट्झच्या धर्तीचे स्वतंत्र उपाहारगृह निघाले. तेथे लहान मेज, आपली वेळ आणि आपल्या आवडीचे पदार्थ पैसे देऊन मिळू लागले. 1935 च्या ‘नॉर्मंडी’ या फ्रेंच बोटीचे पहिल्या वर्गाचे जेवणघर तीनशे फुटांहून लांब होते आणि त्यात सातशे माणसे बसत. ऐसपैस जागा हे तेथे ऐश्वर्याचे लक्षण ठरले. आपण जन्माने अंतर वाटून देत होतो; तिकडे ते तिकिटाच्या किमतीने वाटले जाऊ लागले. आज मेजे जवळ येतात त्याचे कारणही तेच. जेवणाऱ्या प्रत्येकास मेजाची सुमारे चोवीस इंच कड लागते, हे बांधणारास ठाऊक असते. पण खुर्चीमागची वाट आणि दोन मेजांमधली मोकळीक यांचे भाडे मिळत नाही. म्हणून काटछाट तेथेच होते.

आणि आपल्या घरी? लग्नमांडवातून पंगत उठली आणि बफे आला. त्याने पंक्तिभेद पुष्कळ कमी केला, हे त्याचे श्रेय नाकारता येणार नाही. एका रांगेत उभे राहताना कोणी कोणाची जात विचारीत नाही, आणि स्त्रियांना शेवटपर्यंत थांबावे लागत नाही. पण भेदाबरोबर सुखही गेले. हातात ताट धरून सत्तर वर्षांची आजी खुर्ची शोधीत फिरते, आणि तिला ‘सावकाश होऊ द्या’ म्हणावयास कोणी नसतो. भेदाचे अंतर मोडताना सुखाचे अंतर राखावयाचे असते, याचा आपणांस विसर पडला.

दोन्ही गोष्टी एकत्र साधतात हे पाहण्यास लांब जावयास नको. वऱ्हाडात शेतातल्या देवाजवळ रोडगे आणि वांग्याच्या भाजीचा बेत होतो, तेव्हा जमीन मुबलक असते. पळसाच्या पत्रावळी ऐसपैस पडतात आणि माणसे निवांत मांडी घालतात. तेथे पाहावयाचे एवढेच, की त्या रांगेत गावातील सर्व वस्त्यांची पाने आहेत काय, आणि रांधणाऱ्या बायकांची पाने पहिल्याच पंगतीत पडली काय. ज्या गावी ही दोन्ही उत्तरे होकारार्थी येतील, त्या गावाने माणशी दीड हात जागा खुशाल मोजून द्यावी.