बादलीचा फुटबॉल

प्रताप नगरात पोराकडं चार दिवस राहायला आलो की माझा नातू कॉलेजातून येऊन बूट दारात काढतो. खिळ्याखिळ्यांचे बूट. पयल्यांदा पाहिले तवा मले वाटलं, वखराचे दातेच लावले बाप्पा खाली. तो कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा चालू होती अन् घरात दुसरा विषय नव्हता.

आमच्या वेळी फुटबॉल म्हंजे चिंध्यांचा. उलंगवाडी झाली, पऱ्हाट्या उपटल्या, की वावर आमचंच. जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळायच्या, वरून अंबाडीची दोरी आवळायची. धसकटं तळपायात घुसत, पण खेळ थांबत नसे. 1977 ला दहावी झालो अन् नागपुरात एका कॉलेजच्या मैदानावर मॅच पाहायला गेलो. पायात टायरच्या चपला. गेटवरच्या माणसानं विचारलं, "कोणत्या वर्गात आहे बे तू?" मी म्हटलं, कोणत्याच नाही. त्यानं बाहेर काढलं. मंग भिंतीवरून पाहिली अर्धी मॅच. त्याचा राग आता नाही, पण ते गेट ध्यानात राहिलं.

म्हणून विजय बारसे सरांची गोष्ट मले जवळची वाटते. सर हिस्लॉप कॉलेजात खेळाचे शिक्षक. हे कॉलेज 1883 पासूनचं. तिथल्या मास्तरला टीमसाठी पोरं शोधत फिरायची काय गरज? पण 2001 साली एका पावसात त्यांनी झोपडपट्टीतली पोट्टे पाहिली. चिखलात फुटकी बादली लाथाडून रायले होते, तोच त्यांचा फुटबॉल. सरांनी त्यांना खरा बॉल दिला. मंग त्यांनी झोपडपट्ट्यांच्याच टीमची स्पर्धा भरवली. ज्याचं नाव कोणत्याच कॉलेजच्या हजेरीत नाही, त्याच्यासाठी स्पर्धा! त्यातूनच 'स्लम सॉकर' उभं राहिलं. नागपूर जिल्ह्याला फुटबॉल काही नवा नाही, कामठी तर फुटबॉलचंच गाव. पण ह्या पोरांना बोलावणारं कोणी नव्हतं.

पुढं ही पोरं परदेशात गेली. बेघर माणसांचा एक वर्ल्ड कप असतो, 2003 मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात पयला झाला, 18 देशांच्या टीम होत्या. त्यात एका बाजूला मैदानात चारच खेळाडू, गोलकीपर धरून. मॅच 14 मिनिटांची, सात-सात मिनिटांचे दोन डाव. अन् एका माणसाला जन्मात एकदाच खेळता येते, दुसऱ्या वर्षी जागा दुसऱ्याची. हा नियम वाचून मी बराच वेळ पेपर खाली ठेवून बसलो. आपल्या हाताशी एकच हंगाम आहे हे माहीत असून माणूस कसा पळत असेल?

2016 ला फिफानं ह्या संस्थेला विविधतेचा पुरस्कार दिला. 4 मार्च 2022 ला नागराज मंजुळेचा 'झुंड' आला, त्यात अमिताभ बच्चन सरांच्या भूमिकेत. झोपडपट्टीच्या पोट्ट्यांची कॉलेजच्या टीमशी मॅच लागते तिथं थेटरात शिट्ट्या. मी गप बसलो होतो. मले ते मैदान नाही, त्याची भिंत दिसत होती.

पण सिनेमाहून मले एक गोष्ट मोठी वाटते. सरांनी निवृत्तीच्या पैशातून नागपूरजवळ जमीन घेतली, पोरांच्या खेळासाठी. आमच्याकडं नोकरीवाला निवृत्त झाला की संत्र्याचा बगीचा घेते, नाहीतर प्लॉट. जमीन घ्यायची अन् तिच्यात काहीच पेरायचं नाही, हे शेतकऱ्याच्या डोक्यात लवकर शिरत नाही. माझ्या तर मनात पयला प्रश्न आला, माती कोणती असन? काळी असली तर पावसाळ्यात बॉल घोट्याएवढ्या गाऱ्यात जाते, खेळाला मुरमाड बरी.

नातवाची मॅच रविवारी होती. सगळे गेले, मीही गेलो. मैदानाला आता तारेचं कुंपण होतं. सून पुढं खुर्चीवर जाऊन बसली, मी सवयीनं तारेजवळच थांबलो, बाहेरून. हाफ टाइमला नातू घामानं निथळत आला अन् म्हणाला, "आजोबा, तिकडं काऊन उभे आहा? गेट तर उघडंच आहे."