दाखल, दखल, बेदखल

पोखर्णीहून परभणीला येऊन तहसिलीबाहेर बसतो मी, अर्जनवीस म्हणून. माझ्या हातून सगळ्यात जास्त उतरलेलं क्रियापद एकच : दाखल करणे. दावा दाखल, हरकत दाखल, गुन्हा दाखल. दवाखान्यात म्हातारीसुद्धा दाखलच. शब्द अरबी, मूळ अर्थ आत शिरणं. त्याचा जोडीदार खारीज, म्हणजे बाहेर.

मराठी दप्तरात तो फारसीचं बोट धरून आला. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून असल्या शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी पेशवाईच्या कागदांत फारसी-अरबी शब्द होतेच. आमच्या मुलखात तर निजामाचा अंमल. १८८४च्या सुमारास दरबाराची फारसी जाऊन उर्दू आली, तिनं हे शब्द आणखी पक्के केले. सप्टेंबर १९४८मध्ये निजाम शरण आला, १९५६मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला; कचेरीची भाषा मराठी झाली, क्रियापद जागचं हललं नाही.

शाळेतलं दाखल-खारीज रजिस्टर घ्या. जातीच्या दाखल्यासाठी आता ‘प्रवेश निर्गम उतारा’ मागतात. तेच ते, सोवळं नेसवलेलं! निजामकाळची नोंद उर्दूत निघाली, की लोक वाचणाऱ्याच्या शोधात वणवण करतात.

दाखलच्याच धातूचा दखल. उर्दूत दखल म्हणजे ताबाही, म्हणून कुळाला जमिनीवरून काढणं ही बेदखली. सावकार-देशमुखांच्या मुलखात हा शब्द थरकाप उडवणारा होता. १९५०च्या हैदराबाद कूळ कायद्यानं संरक्षित कुळांना आधार दिला, तो याच भीतीपोटी.

मराठीनं मात्र दाखलला असं काम लावलं, जे अरबीच्या गावीही नसेल : उदाहरणादाखल, शिक्षेदाखल, बक्षिसादाखल. आणि ‘अदखलपात्र’ पाहा. दोन्ही टोकं संस्कृत, मधे अरबी पोट. कुण्या बाबूनं घडवला असेल तो, पण नमुना फक्कड.

भावकीत शिवीगाळ झाली, की माणूस ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करून माझ्याकडे येतो. “दाखल झालं का नाही, मामा?” झालं की, रजिस्टरात नोंद आहे. पण तपास हवा तर दंडाधिकाऱ्यांचा हुकूम लागतो. त्याचा अर्ज वेगळा.