सातारा ते कोलंबिया : एका मराठी विद्यार्थ्याचे ज्ञानव्यवहाराचे इंग्रजी (१९००–१९१७)

परदेशी विद्यापीठांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना ज्ञानव्यवहाराचे इंग्रजी कसे शिकवावे, याची चर्चा अलीकडे विपुल प्रमाणात होते. तीत शब्दसंग्रहाचा प्रश्न विशेष महत्त्वाचा मानला जातो. या प्रश्नाच्या संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इंग्रजी शिक्षणाचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, 'भिवा' या नावाने त्यांचा इंग्रजी पहिलीत प्रवेश झाला. 'इंग्रजी पहिली' म्हणजे काय, हे आज सांगावे लागते. तत्कालीन मुंबई इलाख्यात मराठी इयत्ता झाल्यानंतर विद्यार्थी इंग्रजी इयत्तांत जात असे. परभाषेचे शिक्षण स्वभाषेच्या पायावर उभे राही. मात्र या मुलाला शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. वडील सुभेदार रामजी तेव्हा खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर रोखपाल होते. (आमच्या म्हसवड परिसरातील राजेवाडी तलावही अशाच दुष्काळी कामांतून उभा राहिला.) १९०१ मध्ये वडिलांकडे निघालेल्या या भावंडांना मसूर स्थानकावर जात कळताच कोणी गाडीवान मिळेना आणि वाटेत पाणीही मिळाले नाही, ही हकीकत त्यांनी पुढे स्वतः इंग्रजीत लिहून ठेवली.

रामजींनी मुलाकडून तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांचा कसून अभ्यास करून घेतला, असे चरित्रकार नोंदवतात. मराठी वाक्याचे इंग्रजी आणि इंग्रजीचे मराठी, अशी ती पद्धत. तिला आज घोकंपट्टी म्हणून हिणवले जाते. आमच्या मते हे अन्यायाचे आहे. नेमका प्रतिशब्द शोधण्याची सवय तिनेच लावली. परंतु शब्द जमवणे आणि शब्दाची चिकित्सा करणे या दोन निराळ्या गोष्टी होत.

दुसरी गोष्ट घडली ती न्यूयॉर्कमध्ये. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांत अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११ व समाजशास्त्राचे ६ होते. फ्रेंच व जर्मन भाषांचाही प्रत्येकी एक होता. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. तो १९१७ मध्ये 'इंडियन अँटिक्वरी'त प्रसिद्ध झाला.

या निबंधाची रचना भाषाशिक्षकाने मुद्दाम पाहावी. सेनार्ट, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर यांनी केलेल्या 'जात' या शब्दाच्या व्याख्या लेखक एकेक करून तपासतो. यांतील श्रीधर व्यंकटेश केतकर हेही मराठी भाषक आणि अमेरिकेतच, कॉर्नेल विद्यापीठात शिकलेले. त्यांच्या जातिविषयक ग्रंथाचा पहिला खंड १९०९ मध्ये निघाला होता. केतकरांनी जातीची दोन लक्षणे सांगितली होती : जातीबाहेर विवाहास बंदी आणि जन्मानेच मिळणारे सदस्यत्व. केतकरांच्या विवेचनाचा गौरव करूनही आंबेडकर म्हणतात की, ही लक्षणे दोन नसून एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. लग्न जातीतच झाले, तर बाहेरचा मनुष्य आत येणारच नाही. यातून 'अंतर्विवाह' हीच जातीची मूळ खूण ठरते. ही संज्ञा त्यांनी मानववंशशास्त्रातून घेतली, पण ती बहिर्विवाहाच्या जुन्या चालीवर लादली गेली, हे दाखवून तिला नवे काम दिले. गोणपाटावर बसवलेला विद्यार्थी येथे त्या बसवण्यामागील संस्थेचीच व्याख्या करीत होता. असे इंग्रजी शब्दांची यादी पाठ करून येत नाही. इतरांच्या व्याख्यांशी वाद घालण्याची मुभा वर्गात मिळावी लागते.

दोघांनीही पुढे मराठीची कास सोडली नाही. केतकरांनी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे २३ खंड सिद्ध केले. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' मराठीत सुरू केले आणि त्याच वर्षी अपुरा अभ्यास पूर्ण करण्यासाठी ते पुन्हा लंडनला गेले.