व्हिडिओत ओठ आधी, आवाज नंतर? आधी बिघाड ओळखा, मग दुरुस्त करा

नायगावच्या बीडीडी चाळी आता इतिहासजमा होत आहेत. शंभर वर्षांपूर्वी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या या तळमजला अधिक तीन मजल्यांच्या इमारती. नायगावात अशा ४२ चाळी, आणि प्रत्येक कुटुंबाला साधारण १६० चौरस फुटांची एक खोली. पुनर्विकासात त्या पाडून टॉवर उभे राहत आहेत. अशा वेळी खोली, गॅलरी, शेजारी आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी मोबाईलवर टिपून ठेवाव्यात असं कुणालाही वाटेल.

पण नंतर व्हिडिओ उघडावा आणि आजीचे ओठ आधी हलावेत, शब्द मागून यावेत, तर? ती खोली पुन्हा मिळणार नाही आणि ते बोलणंही तसंच पुन्हा होणार नाही. म्हणून एक गोष्ट आधीच सांगून ठेवू. असा व्हिडिओ बहुतेक वेळा वाया गेलेला नसतो. चित्र शाबूत असतं, आवाजही शाबूत असतो, फक्त दोघांची वेळ चुकलेली असते. मूळ फाईल डिलीट करू नका. काहीही करण्याआधी तिची एक प्रत काढा आणि सगळे प्रयोग त्या प्रतीवर करा.

पहिला प्रश्न: बिघाड फाईलमध्ये आहे की ऐकण्याच्या साधनात?

ब्लूटूथ इअरफोन किंवा स्पीकरपर्यंत आवाज पोहोचायला वेळ लागतो. फोन आवाजाचं पॅकेट बनवतो, ते हवेतून पाठवतो, इअरफोन ते उघडतो. यात सेकंदाचा दहावा ते पाव भाग सहज जातो. अनेक अ‍ॅप हा उशीर ओळखून चित्रही तेवढंच थांबवतात, पण सगळे तसं करत नाहीत. टीव्हीला जोडलेल्या साउंडबारचंही तेच.

म्हणून ब्लूटूथ बंद करा आणि फोनच्या स्वतःच्या स्पीकरवर व्हिडिओ लावा. मग तोच व्हिडिओ दुसऱ्या प्लेअरमध्ये किंवा दुसऱ्या फोनवर लावून बघा. दोन्हीकडे नीट दिसला तर फाईलला हात लावायची गरज नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या व्हिडिओत गडबड असेल, तर ज्यांनी काढला त्यांच्याकडून मूळ फाईल 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. तशी पाठवली की ती दाबून लहान केली जात नाही.

दुसरा प्रश्न: फरक कसा आहे?

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. व्हिडिओ तीन ठिकाणी तपासा: सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी. फरक पुढीलपैकी एका प्रकारचा निघेल.

१. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढाच.
२. सुरुवातीला नाही, पण हळूहळू वाढत जाणारा.
३. एका जागेपर्यंत सगळं ठीक, मग अचानक उडी.

तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. वाढत जाणाऱ्या फरकावर आवाज सरकवण्याचा उपाय केला, तर सुरुवात बिघडते आणि शेवट सुधारतो. "अर्धा तास खटपट केली तरी जमलंच नाही" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

तपासायचं कसं? बोलण्याच्या व्हिडिओत प, फ, ब, भ, म या अक्षरांकडे बघा. शाळेत आपण यांना ओष्ठ्य वर्ण म्हणायचो. 'बाबा', 'मामा', 'पप्पा' म्हणताना ओठ मिटल्याशिवाय अक्षर निघत नाही. 'क' किंवा 'ग' तोंडाच्या आत होतात, ते बाहेरून दिसत नाहीत. ओठ मिटून उघडले त्या क्षणी 'बा' ऐकू आला पाहिजे. मिरवणुकीच्या व्हिडिओत ढोलावर पडणारं टिपरू किंवा ताशावरची काडी बघा. दार आपटणं, कप खाली ठेवणं, टाळी वाजणं, यातलं काहीही चालेल.

प्रकार १: फरक सगळीकडे तेवढाच

हा सर्वात सोपा. आधी फरक मोजा. संगणकावर व्हीएलसी प्लेअरमध्ये व्हिडिओ लावा. विंडोजवर 'जे' हे बटण दाबलं की आवाज ५० मिलिसेकंद अलीकडे येतो, 'के' दाबलं की तेवढाच मागे जातो. पडद्यावर आकडा दिसतो. ओठ आणि आवाज जुळले की तो आकडा लिहून ठेवा. व्हीएलसी फाईल बदलत नाही, फक्त तेवढ्यापुरतं जुळवून दाखवतो. म्हणजे तो इथे आपली मोजपट्टी आहे.

आता एडिटिंग अ‍ॅपमध्ये व्हिडिओ घ्या. 'एक्स्ट्रॅक्ट' किंवा 'डिटॅच ऑडिओ' अशा नावाच्या पर्यायाने आवाज चित्रापासून सुटा करा. आवाज उशिरा येत असेल तर ती पट्टी डावीकडे सरकवा, लवकर येत असेल तर उजवीकडे. सरकवल्यावर फरक दुप्पट झाला, तर दिशा उलटी झाली आहे. मूळचा आवाज बंद करायला विसरू नका, नाहीतर दोन्ही आवाज एकदम वाजून प्रतिध्वनीसारखं ऐकू येतं.

प्रकार २: फरक वाढत जातो

सुरुवातीला सगळं छान असतं. दहाव्या मिनिटाला काहीतरी खटकतं आणि चाळिसाव्या मिनिटाला वाक्य संपल्यावर आवाज येतो. याचा अर्थ चित्र आणि आवाज वेगवेगळ्या वेगाने चालले आहेत. कारणं मुख्यतः तीन.

पहिलं कारण बदलता फ्रेम रेट. मोबाईल सेकंदाला ३० चित्रं घेतो असं आपण धरतो, पण प्रकाश कमी झाला की बरेच फोन ती संख्या कमी करतात. चाळीच्या खोलीत खिडकीपाशी एक वेग आणि मोरीजवळच्या अंधारात दुसरा, असं होऊ शकतं. फोनच्या प्लेअरला हे माहीत असतं. पण काही एडिटिंग प्रोग्राम वेग कायम आहे असं समजून चालतात आणि चित्र घसरत जातं. उपाय: एडिट करण्याआधी हँडब्रेक या मोफत प्रोग्राममधून व्हिडिओ 'कॉन्स्टंट फ्रेम रेट' निवडून रूपांतरित करा आणि ती नवी फाईल एडिटमध्ये घ्या.

दुसरं कारण आकड्यांचा घोळ. आवाज सेकंदाला ४८,००० नमुन्यांनी रेकॉर्ड झाला आणि ४४,१०० समजून वाजवला, तर ६० मिनिटांचा आवाज ६५ मिनिटं १८ सेकंद चालतो. सूरही खाली उतरतो आणि माणूस जाड आवाजात बोलतो. हा बिघाड ऐकताक्षणी कळतो. २९.९७ आणि ३० फ्रेममधला घोळ मात्र लपून राहतो, कारण तासाला फरक पडतो फक्त ३.६ सेकंदांचा.

तिसरं कारण दोन वेगळी यंत्रं. चित्र एका फोनवर आणि आवाज दुसऱ्या फोनवर किंवा रेकॉर्डरवर घेतला, तर दोघांची घड्याळं तंतोतंत सारखी नसतात. दहा लाखांत ५० इतका फरक असला तरी तासाभरात १८० मिलिसेकंद होतात आणि ओठ खटकायला लागतात.

दुरुस्तीसाठी साधं त्रैराशिक पुरतं. समजा व्हिडिओ ४० मिनिटांचा, म्हणजे २,४०० सेकंदांचा आहे. सुरुवात जुळते, पण शेवटी आवाज २.४ सेकंद उशिरा येतो. म्हणजे आवाजाची लांबी २,४०२.४ सेकंद झाली आहे. तो ०.१ टक्का वेगाने वाजवला की जुळेल. ऑडॅसिटी या मोफत प्रोग्राममध्ये 'चेंज टेम्पो' हा पर्याय आहे. त्यात ०.१ भरा. सूर न बदलता लांबी कमी होते.

प्रकार ३: मध्येच उडी

जुन्या लग्नाच्या किंवा बारशाच्या कॅसेटवरून संगणकावर घेतलेल्या व्हिडिओत हे हमखास दिसतं. टेप खराब असलेल्या जागी काही चित्रं गळतात, आवाज मात्र चालू राहतो. मोबाईलची मेमरी भरत आली असताना किंवा ऑनलाइन मीटिंगचं रेकॉर्डिंग अडखळलं तरी असंच होतं.

इथे पूर्ण पट्टी सरकवू नका आणि वेगही बदलू नका. उडीची जागा शोधा. तिथे आवाजाची पट्टी कापा आणि फक्त पुढचा तुकडा सरकवून जुळवा. कापण्यासाठी दोन वाक्यांमधली शांत जागा निवडली की जोड ऐकू येत नाही. उड्या पाच असतील तर कापही पाच. वेळखाऊ काम आहे, पण खात्रीचं आहे.

आणि एक, जो बिघाडच नाही

हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, प्रकाश मात्र जवळजवळ लगेच पोहोचतो. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून ५० मीटरवरच्या ढोल-ताशाचा व्हिडिओ काढला, तर ठोका सुमारे १४५ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. ३० फ्रेमच्या व्हिडिओत हा फरक चार चित्रांपेक्षा जास्त आहे. झूम केल्यावर वादक हाताच्या अंतरावर दिसतो, आवाज मात्र रस्त्यापलीकडचा राहतो, म्हणून अधिकच खटकतं. फोनचा यात दोष नाही. हवं तर प्रकार १ प्रमाणे आवाज अलीकडे घ्या.

याच कारणामुळे आपला मेंदू उशिरा आलेला आवाज चालवून घेतो, आधी आलेला चालवून घेत नाही. निसर्गात विजेच्या आधी गडगडाट कधी होत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या प्रसारणविषयक शिफारशीतही हेच दिसतं. आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तरी लोकांना जाणवतो, उशीर मात्र १२५ मिलिसेकंदांपर्यंत लक्षात येत नाही. तेव्हा अगदी काटेकोर जुळत नसेल, तर आवाज किंचित मागे ठेवा, पुढे नको.

सिनेमावाल्यांनी हे कसं सोडवलं?

हा प्रश्न मोबाईलने आणलेला नाही, आणि तो ज्यांनी सोडवला त्यांच्यातले बरेच जण नायगावच्या आसपासच काम करत होते. दादरच्या ज्या रस्त्यावर दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' घडवला, तो रस्ता आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. १९१३ सालचा तो मूकपट, त्यामुळे आवाज जुळवण्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न आला १४ मार्च १९३१ ला, गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' बोलू लागला तेव्हा. अर्देशिर इराणी यांनी त्यात चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर टिपले. एकाच पट्टीवर असल्यामुळे दोघांची वेळ चुकत नव्हती. पण नंतर आवाज बदलायची सोयही नव्हती. स्टुडिओजवळून रेल्वे जायची, म्हणून बरंचसं चित्रीकरण गाड्या थांबल्यावर, रात्री केलं गेलं.

पुढे आवाज वेगळ्या यंत्रावर घेतला जाऊ लागला आणि जुळवण्यासाठी क्लॅपबोर्ड आला. फळी आपटते ते चित्र आणि 'ठक्' हा आवाज एकमेकांवर ठेवला की पूर्ण शॉट जुळतो. परळला व्ही. शांताराम यांनी १९४२ मध्ये स्थापन केलेल्या राजकमल कलामंदिरात मंगेश देसाई यांच्यासारख्या ध्वनितंत्रज्ञाने असंख्य चित्रपटांचं मिश्रण केलं, 'शोले'चंही. त्या काळात हिंदी चित्रपटांतले संवाद बहुतांशी नंतर डबिंग करून घेतले जात. 'लगान'ने २००१ मध्ये चित्रीकरणाच्या जागीच आवाज घेतला, तेव्हा त्याची बातमी झाली होती.

थिएटरमध्येही एक गंमत होती. प्रोजेक्टरमध्ये चित्राची खिडकी आणि आवाज वाचणारा भाग एका जागी नसत. म्हणून ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर आवाज चित्राच्या सुमारे २० फ्रेम पुढे छापलेला असे. ऑपरेटरने फिल्म लावताना मधला वेढा लहान-मोठा केला की पडद्यावर ओठ आणि आवाज वेगळे व्हायचे.

पुढच्या वेळी एवढं करा

रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर कॅमेऱ्यासमोर एकदा टाळी वाजवा, आणि संपवण्यापूर्वी पुन्हा एकदा. पहिल्या टाळीने फरक किती ते कळतं, दुसरीने तो वाढतोय का ते. आवाजासाठी दुसरा फोन ठेवणार असाल तर ही टाळी हवीच. खोलीत दिवा लावा, फोनमध्ये पुरेशी जागा मोकळी करा, आणि लांबलचक एका व्हिडिओऐवजी दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे घ्या. एखादा तुकडा बिघडला तरी बाकीचे सुरक्षित राहतात.

आणि ज्या व्हिडिओत टाळी नाही, त्यातही खूण सापडतेच. पितळी डब्याचं झाकण पडलेलं असतं, कुकरची शिट्टी झालेली असते, नाहीतर आजीने नातवाला "बाळा" म्हणून हाक मारलेली असते. ओठ मिटून उघडतात तो एक क्षण मिळाला की बाकीचा व्हिडिओ त्याच्याभोवती जुळवता येतो.