पिसांवरचे खोटे रंग

मोहर्ली गेटमधून ताडोबात जाणारे बहुतेक कॅमेरे वाघ शोधतात. आपला विषय मात्र पक्ष्यांचा आहे. पिसांच्या बारीक, समांतर रेघांवर फोटोत कधीकधी हिरव्या-जांभळ्या लाटा दिसतात. पक्ष्याच्या अंगावर त्या नसतातच. याला म्वारे म्हणतात. लहरीदार रेशमी कापडाचं हे फ्रेंच नाव.

1955 साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं, तेव्हा फोटो फिल्मवर निघत. फिल्मचे कण वेडेवाकडे विखुरलेले, म्हणून ही भानगड जवळजवळ नव्हती. 1976 मध्ये कोडॅकच्या ब्राइस बायर यांना लाल-हिरव्या-निळ्या ठिपक्यांच्या जाळीचं पेटंट मिळालं. बहुतेक डिजिटल सेन्सरवर हीच जाळी असते. पिसांच्या रेघा जवळपास तेवढ्याच बारीक झाल्या, की लाटा उठतात. त्यावर तोड म्हणून सेन्सरपुढे चित्र किंचित मऊ करणारी गाळणी आली. 2012 मध्ये निकॉनने डी800ई कॅमेऱ्यात तिचा परिणाम काढून टाकला. बारकावे वाढले, लाटांचा धोकाही वाढला.

जिप्सीतून उतरता येत नाही, तेव्हा झूम थोडा बदलून दोन-चार फोटो जास्त घ्या. घरी फोटो शंभर टक्के मोठा करून बघा. लाटा गेल्या तर दोष स्क्रीनचा होता. राहिल्या तर पुसा, पण मूळ फाइल जपा. पुसताना पक्ष्याचा खरा रंगही जातो, आणि ओळख बऱ्याचदा त्यावरच ठरते.