जॅझ-वादकांची व्यक्तिचित्रे : एका क्रमाची साक्ष

व्यक्तिचित्राचे परीक्षण करताना मुखसाम्य, रंगयोजना व रेखन यांकडे प्रथम लक्ष जाते. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : हे चित्र कोणी काढविले आणि केव्हा? अमेरिकेतील ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठांसाठी रंगविलेली जॅझ-वादकांची चित्रे या दृष्टीने विचारार्ह आहेत.

या मुखपृष्ठावर स्थान मिळालेला पहिला जॅझ-वादक म्हणजे लुई आर्मस्ट्राँग. २१ फेब्रुवारी १९४९ च्या अंकासाठी बोरिस आर्ट्झिबाशेफ याने त्याच्या मस्तकी ट्रंपेटांचा मुकुट चढविला. दुसरा मान ८ नोव्हेंबर १९५४ रोजी डेव्ह ब्रूबेक या गौरवर्णीय पियानोवादकास लाभला. त्याचे वय तेव्हा अवघे ३३ होते. ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद १९२७ सालापासूनच न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबमध्ये गाजू लागला होता. तथापि पीटर हर्डने रंगविलेले त्याचे चित्र छापले गेले ते २० ऑगस्ट १९५६ रोजी. कृष्णवर्णीयांनी घडविलेल्या या संगीतात आपला मान एलिंग्टनच्या आधी यावा, याचा खुद्द ब्रूबेकलाही संकोच वाटला. ब्रूबेकची योग्यता येथे वादाचा विषय नाही. प्रश्न क्रमाचा आहे.

थेलोनियस माँकचे चित्र बोरिस शल्यापिन याने रंगविले. ते नोव्हेंबर १९६३ मध्येच प्रसिद्ध व्हावयाचे होते. परंतु २२ नोव्हेंबरला अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली आणि अंक २८ फेब्रुवारी १९६४ पर्यंत लांबला. मुखपृष्ठावरील मान हा कलेच्या गुणांइतकाच वृत्तपत्रीय प्रसंगावरही अवलंबून असतो, हे यावरून दिसते.

१९५५ साली निधन पावलेला सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर या मालिकेत कधीच आला नाही. त्याला चित्रात स्थान दिले ते झाँ-मिशेल बास्किया या कृष्णवर्णीय चित्रकाराने. त्याच्या १९८३ सालच्या ‘हॉर्न प्लेयर्स’ या त्रिदल चित्रात पार्कर आणि ट्रंपेटवादक डिझी गिलेस्पी यांच्या आकृतींभोवती शब्द लिहिलेले व खोडलेले आहेत. येथे संपादकाचे निमंत्रण नाही, विक्रीचा हिशेब नाही. चित्रकाराने आपला पूर्वज आपणच निवडला आहे.

तात्पर्य, चित्रातील चेहरा वादकाची ओळख देतो; चित्राची तारीख आणि ते काढविणारा हात समाजाची ओळख देतात. अभ्यासकाने दोन्ही वाचावयास हवीत.